मायचं बोट

टक.

दुपारच्या शांततेत नेलकटरचा एवढासा आवाजही मोठा वाटला. ओट्यावर झोपलेल्या मांजरीनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. मायचा डावा हात माझ्या मांडीवर होता. अंगठा झाला होता, आता तर्जनी.

माय म्हणजे माझ्या सासूबाई, मीनाबाई. काचबिंदूनं आधी त्यांचा उजवा डोळा गेला, मग डावा. या चैत्रात सात वर्षं होतील. काजल, माझी मुलगी, सहा वर्षांची आहे. मायनं तिचं तोंड डोळ्यांनी कधी पाहिलेलंच नाही, बोटांनी पाहिलंय. तिला दात येत होते तेव्हा कुठला कधी आला हे माझ्याआधी मायला कळायचं.

घरात आम्ही दोघीच होतो. आबा, म्हणजे सासरे, केळीला पाणी द्यायला गेले होते. हेमकांत, माझा नवरा, कापूस घेऊन शहाद्याला. काजल शाळेत.

"कामिनी, एक सांगू? हसशी तं नही ना?"

"नही हसत. सांगा."

"यंदा मन्हं मत हलीमाले."

माझ्या हातातलं नेलकटर थांबलं.

ग्रामपंचायतीची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या वॉर्डातले सदस्य बिनविरोध झाले होते. मशीनवर फक्त सरपंच निवडायचा होता, आणि ती जागा बाईसाठी राखीव. उभ्या दोघी. मोहिनी पाटील, निशाणी कपबशी. आबांचे चुलतभाऊ बन्सीलाल काका, त्यांची ती सून. आणि हलीमा पिंजारी, छत्री. हलीमाबाईंचा नवरा शब्बीरभाई गाद्या-रजया भरतो. मागची पाच वर्षं त्या आमच्याच वॉर्डाच्या सदस्य होत्या.

"काबर, माय? हलीमाबाईच काबर?"

मायनं थोडा विचार केला. आंधळी माणसं विचार करताना मान वर करतात, तशी तिनं केली.

"ती उनी का सांगस, 'मीनामाय, मी हलीमा.' आन जावाना टाइमले सांगस, 'मीनामाय, मी जास.' बाकीना लोके तश्याच येतस आन तश्याच जातस. माले वाटस माणूस बठेल शे. मी बोलत ऱ्हास, बोलत ऱ्हास. मंग समजस, खुर्ची खाली शे."

ती हसली. मला हसता आलं नाही. चुलीवरचं दूध आठवलं म्हणून, काजल उठली म्हणून, दाराशी कोणी आलं म्हणून मीसुद्धा तिला अशीच बोलत सोडून कितीदा उठले असेन. परतले तेव्हा ती बोलतच असायची. मीही मग मध्येच "हो का" म्हणायचे, जसं काही सगळं ऐकत होते.

"आन गटारवर फरशी टाकी तिनी," माय म्हणाली. आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारात ती एकदा पडली होती, दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. "दुसरा मेंबरस्नी नुसतं सांगं, म्हातारीले घरमा बठाड."

"आबांना माहीत शे?"

"त्यास्ले काय सांगाना? मत मन्हं शे ना." मग आवाज खाली आणून, "मागला येळे तुन्हा सासरा संगे उनता. मी सांगं रिक्षा दाब. भाईर ईसन हसस काय! 'एक घरना दोन मतं दोन बाजूले जातस का कधी?' मी काय करू? माले काय देखास?" तिनं हात उलटा केला, माझा पंजा धरला. "यंदा तू ये मन्हासंगे. सून म्हनीसन नही, पोर म्हनीसन सांगस."

"येसू ना, माय. तुम्ही सांगशात तेच."

मी हे सहज बोलले. खोटं बोलत नव्हते. त्या दुपारी मी ते मनापासून बोलले, आणि तिची करंगळी कापायला घेतली.

*

आमच्या गल्लीत मत मागत नाहीत, घर मागतात. "चुनीलालभाऊ, तुमचं घर कोणाकडे?" असं विचारतात. मग भाऊबंद बसतात, चहा होतो, जुन्या बांधांची आणि जुन्या सोयरिकींची उजळणी होते. शेवटी ज्याला घर द्यायचं त्याचा नारळ ओसरीत ठेवून घ्यायचा. नारळ घेतला म्हणजे घरातली सगळी मतं गेली. बायकांना कोणी विचारत नाही. विचारत नाहीत म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही. घरातल्या मिठाची पिशवी कोणत्या दुकानातून आली हे जसं कोणी विचारत नाही, तसंच.

बन्सीलाल काकांचा नारळ आबांनी पहिल्याच रविवारी घेतला. आमची चार मतं.

पण हलीमाबाई तरीही आल्या. डोक्यावरचा पदर सावरत पायरीशीच म्हणाल्या, "मीनामाय, मी हलीमा."

मायचा चेहरा उजळला. आबा खुर्चीतून उठले, कारण ते वाईट माणूस नाहीत. "या, या. चहा घ्या. मतनं काय, ते देवना हातमा."

"देवनं नाव यादीमा नही ना, चुनीलालभाऊ," हलीमाबाई म्हणाल्या. "मी पाही लिन्हं. तुमनं शे."

आबांनाही हसू आलं. चहा मी केला. कप घेताना हलीमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच मागितलं नाही. जाताना मात्र मायच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "मीनामाय, मी जास."

दोन दिवसांनी मोहिनी आली, हळदीकुंकवाला. तिच्याबरोबर आठ-दहा बायका, प्रत्येकीला स्टीलचा डबा. मोहिनी माझ्याच वयाची. तिच्याबद्दल मला वाईट काही लिहिता येणार नाही. मागच्या खोलीत आल्यावर ती माझ्या पलंगावर धपकन बसली आणि म्हणाली, "पाय गेले गं वहिनी! मला कुठे उभं राहायचं होतं? साडी नेसवतात तशी निवडणूक नेसवली मला."

"निवडून येशील की."

"येईन. शिक्का माझा, पेन मामंजींच्या खिशात." ती हसली. मग माझ्या कपाटावरच्या फाइलकडे पाहून म्हणाली, "डी.एड. केलंय ना तुम्ही? ते असंच ठेवणार? शहाद्याच्या संस्थेत जूनपासून एक जागा निघतेय. प्राथमिकला. मामंजी संचालक आहेत, तुम्हाला माहीतच आहे. म्हणत होते, घरातलीच मुलगी असली तर बरं."

एवढंच. तिनं त्याच्यापुढे काही जोडलं नाही. जोडायची गरजही नव्हती.

ती गेल्यावर मी फाइल काढली. गुणपत्रकाचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. लग्नाआधी शहाद्याच्या एका शाळेत दोन महिने सरावपाठ घेतले होते मी. चाळीस मुलं एकदम "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची. ते सात-आठ वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. कधी कधी अंगणात रांगोळी काढून झाली की उरलेल्या जागेत मी खडूनं बाराखडी लिहायचे, फळ्यावर लिहितात तशी, टपोरी. काजल उठायच्या आत पायानं पुसून टाकायचे.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जून सुरू झाला. एसटीनं जायचं, पर्स खांद्याला, दुपारचा डबा. काजललाही त्याच शाळेत घालता येईल. मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात हजेरी घ्यायचे.

आणि दुसरीकडून भीती. एका संध्याकाळी जेवताना आबांनी हेमकांतला समजावलं, "एक वॉर्ड, एक मशीन. गिनती सोपी शे. मोहल्लानी मतं एकशे अडतीस. ती तिलेच जातीन, जाऊ दे. पन एकशे एकोणचाळीस निंघनं का समजानं, आपलाच कोणा घरले भोक पडनं." बन्सीलाल काकांना प्रत्येक घर पाठ होतं. कोण कोणाशी बोलतं, कोणाच्या घरी हलीमाबाईंनी चहा घेतला.

माय भिंतीला टेकून जेवत होती. तिनं घास चावणं थांबवलं नाही. फक्त जेवण झाल्यावर, हात धुवायला मी तिला मोरीकडे नेत होते तेव्हा, माझं मनगट एकदा दाबलं. बस, एकदाच.

*

मतदानाच्या दिवशी मायनं नवीन लुगडं नेसायला काढलं. केस विंचरून घेतले. "वास चांगला येस का?" म्हणून साबणाची वडी दोनदा बदलून घेतली. काजलला सुट्टी होती, तीही निघाली.

शाळेच्या फाटकापासून लांब, मंडपात बन्सीलाल काका बसले होते. त्यांनी मायला हात जोडले, जे तिला दिसलं नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, वहिनीस्ले सांभाळीसन. जून काही लांब नही आते."

मायनं विचारलं, "कोण शे?"

"बन्सीलाल काका, माय."

"काय सांगस जूननं?"

"काही नही. ऊन सांगतस."

रांग लहान होती. दारात होमगार्ड बाई उभ्या होत्या. त्यांनी काजलला बाहेरच थांबवून घेतलं, तिच्या वेण्यांशी खेळत बसल्या. आत खोलीत पहिलीचे तक्ते तसेच होते भिंतीवर, 'क कमळाचा'. मी आधी माझं मत दिलं. कपबशी. त्याबद्दल नंतर कधीतरी वाईट वाटलं, पण ते माझं होतं. मी ते कोणालाही दिलं असतं तरी ते माझंच होतं.

मग मायला घेऊन पुन्हा टेबलाशी आले. केंद्रावरचे गुरुजी अक्कलकुव्याकडून ड्युटीवर आलेले, सभ्य माणूस. त्यांनी फॉर्म पुढे केला. अंध मतदाराच्या सोबत्याचं प्रतिज्ञापत्र. "वाचता येतं ना, ताई?"

"डी.एड. आहे," मी म्हणाले. कशाला म्हणाले कोण जाणे.

"मग तुम्हाला काय सांगायचं. मताची गुप्तता पाळायची, एवढंच."

मी सुंदर अक्षरात सही केली. त्यांनी मायच्या डाव्या तर्जनीला शाई लावली आणि माझ्या उजव्या. डावीला माझ्या मताची होतीच. दोन्ही हातांची दोन बोटं निळी घेऊन मी मायला पुठ्ठ्याच्या आडोशाकडे नेलं.

आडोशात दोघींना उभं राहायला जेमतेम जागा. मशीनवर तीनच ओळी. पहिली मोहिनी, कपबशी. दुसरी हलीमा, छत्री. तिसरी, वरीलपैकी कोणीही नाही. बटणांमध्ये दोन बोटांचं अंतर. कडेला आंधळ्यांसाठी उठावाचे ठिपके होते, पण ते वाचायला मायला कोणी शिकवलं होतं?

"तू नको दाबू," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "मी दाबस. तू फक्त मन्हं बोट धरीसन ठेव."

तिनं तर्जनी पुढे केली. नखाच्या कडेला शाई अजून ओली होती. नख मीच कापलेलं.

त्या क्षणी कोणी पाहत नव्हतं. हे मला लिहायचं आहे, कारण मी स्वतःला हजारदा सांगून पाहिलं की भीती होती, घर होतं, आबा होते, नारळ होता. त्या पुठ्ठ्याच्या आत यातलं काहीच नव्हतं. तिथे मी होते, माय होती, आणि तिचं बोट माझ्या हातात. एकशे एकोणचाळीस झाले असते तरी आमच्याच घराचं भोक आहे हे कोण सिद्ध करणार होतं? मला सांगायला आवडलं असतं की माझा हात थरथरला. नाही थरथरला. काजलचं बोट पाटीवर गिरवायला धरायचे, तितक्याच सफाईनं मी मायचं बोट धरलं आणि पहिल्या बटणावर ठेवलं.

"छत्री शे ना?" तिनं विचारलं.

"हा, माय."

तिनं दाबलं. जोर लावून दाबलं, जसं काही दार ढकलायचं होतं. मशीन लांब, एकसुरी वाजलं. आवाज संपेपर्यंत ती श्वास धरून उभी राहिली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी काजल जन्मली तेव्हा एकदा पाहिलं होतं. नर्सनं बाळ तिच्या हातात दिलं होतं आणि ती बोटांनी त्याचं नाक शोधत होती.

परतताना ती माझ्या पुढे चालायला बघत होती. गटाराच्या फरशीशी आल्यावर तिनं चप्पल दोनदा आपटली, मुद्दाम. वळणावर हलीमाबाई आपल्या दारात उभ्या होत्या.

"मीनामाय, मी हलीमा."

 मायनं गुप्तता पाळली. फक्त आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, हलीमाबाईंचा हात सापडल्यावर तो दाबला, आणि लहान मुलीसारखी हसली. हलीमाबाईंना कळायचं ते कळलं. त्यांनी मायच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान लववली. आभार मानताना माणूस लववतो तशी.

मी काजलची वेणी नीट करायला खाली वाकले. वेणी नीटच होती.

*

दुसऱ्या दिवशी शहाद्याला मोजणी झाली. हेमकांत गुलाल लावूनच घरी आला. मोहिनी एकशे बारा मतांनी आली होती.

एकशे बारा. मायच्या एका मतानं काहीच होणार नव्हतं. इकडेही नाही, तिकडेही नाही. आधी मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. दोन मिनिटांनी कळलं की हे त्याहून वाईट आहे. जे कोणालाही नको होतं ते मी चोरलं होतं.

"पण एक गंमत झाली," हेमकांत हात धुताना म्हणाला. "आपला वॉर्डमा हलीमाबाईले एकशे सत्तेचाळीस."

आबांनी चष्मा काढला. "मोहल्लानी एकशे अडतीस ना?"

"हा. नऊ जास्त. भोक नही आबा, चाळणी शे."

नऊ. आमच्याच गल्लीतल्या नऊ जणांनी नारळ घेतलेल्या घरांतून जाऊन छत्री दाबली होती. नऊ कोण असतील? शेजारची रुपाकाकू, जी नवऱ्यापुढे डोक्यावरचा पदरही सरकू देत नाही? गल्लीच्या टोकाचे म्हातारे दगा आबा, ज्यांना बन्सीलाल काकांच्या गाडीतून बूथवर आणलं होतं? त्या आठवड्यात मी रस्त्यानं जाताना प्रत्येकाकडे बघायचे, कोणाच्या तोंडावर ते नऊपण दिसतंय का. आणि मी, वाचता येणारी, गुरुजींपुढे डी.एड. सांगणारी, त्या नऊंत नव्हते. मायलाही मी नऊंत जाऊ दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्सीलाल काका पेढे घेऊन आले. ओसरीत बसले. मी चहा आणला. काजल मायच्या खाटेवर बसून तिला पाढे म्हणून दाखवत होती.

"चुनीलाल, आठ तं माले समजनात," काका पेढा मोडत म्हणाले. "घरना घर सांगस तुले. नववं सापडत नही."

आबा हसले. "ऱ्हास एखादं. बटन चुकस लोकस्नं."

"मन्हं शे ते," माय म्हणाली.

काजलचा बारा सत्ते अर्ध्यावर थांबला.

"नववं मन्हं शे, बन्सीभाऊ. काबर शोधतस उगाच? मी दिन्हं हलीमाले."

आबांनी कप खाली ठेवला. "काय बोली ऱ्हायनी तू? समजस का काही?"

"समजस ना. म्हनीसन तं सांगस."

"पन्नास वरीसनं घर. एक बटनमा फोडं तू."

"घर नही फोडं," माय शांतपणे म्हणाली. "मत दिन्हं."

बन्सीलाल काकांनी मायकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे वळले. हसत होते. "वहिनीस्ना डोया नहीत. बटन तं तुम्ही दाबं व्हई ना, सूनबाई?"

आता सगळं एका वाक्यावर होतं. 'नाही काका, कपबशीच दाबली' एवढं म्हणायचं. आबांची मान वर झाली असती. मायवरचा आळ गेला असता. जूनही राहिला असता. आणि माय तिथे, त्याच खाटेवर, माझ्याकडे मान वर करून बसली होती. तिला ते ऐकू आलं असतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं असतं, त्या दृष्टी गेलेल्या डोळ्यांनी.

"नाही, काका," मी म्हणाले. "त्यांनी स्वतःच दाबलं. मी फक्त बोट धरलं होतं."

एकेक शब्द खरा होता.

काकांनी उरलेला पेढा बशीत ठेवला. चहा अर्धा राहिला. उठताना म्हणाले, "बरं. जूननं देखसूत मंग." आणि गेले.

मी धैर्यानं बोलले असं वाटतं का? नाही. मला फक्त तिच्यासमोर उघडं पडायचं नव्हतं. नोकरी गेली ती मायसाठी गेली असं म्हणायलाही मला तोंड नाही. ती माझंच खोटं झाकायला गेली.

 आबा उठून, कोणाला न सांगता, मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेले. माय बोलतच होती. "आयकतस का? राग नका धरा. पन्नास वरीस तुमनंच आयकं ना मी? हेमकांतनं लगीन, पोरनं नाव, मन्हा डोयानं आपरेशन, सगळं तुमना मनथून व्हयनं. एकच गोट मी मन्हा मनथून करी. एकच." थोडी थांबली. "बोला ना काही."

"माय," मी म्हणाले, "आबा गयात."

"गयात?" तिनं मान हलवली. "सांगं बी नही."

मग तिनं खाटेवर हात चाचपून मला जवळ बोलावलं. मी खाली बसले. तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर ओढलं आणि केसांतून हात फिरवत राहिली.

"तुले आते बोलतीन. मन्हामुळे." मग अगदी हळू, "तुले एक सांगनं व्हतं. त्या रोज मन्हा मनमा पाप उनं. बटनवर बोट ठेवं तवय माले वाटनं, ही बी तिन्हा सासरानागत करी ऱ्हायनी का काय. म्हनीसन तुले इचारं, छत्री शे ना. तुन्हावर शक लिन्हा मी. माफ कर, पोरी."

मी तोंड तिच्या लुगड्यात घातलं. तिला वाटलं मी आबांच्या बोलण्यानं रडतेय. "उगी, उगी," ती म्हणाली. मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण मला तिचं ते आडोशातलं तोंड आठवलं. आयुष्यात एकदा तिनं स्वतःच्या मनानं काही केलं होतं. ते तिच्याकडून मी एकदा घेतलं. आता सांगून पुन्हा घ्यायचं? की हेही मी स्वतःला वाचवायलाच म्हणते आहे? मला अजून कळलेलं नाही.

काजल खाटेवरून उतरून माझ्याजवळ येऊन बसली होती. मला रडताना बघून ती कधी घाबरत नाही, माझी आई होते. तिनं माझा उजवा हात ओढून घेतला, शाई लागलेलं बोट उलटंसुलटं करून पाहिलं, आणि ते आपल्या मुठीत घट्ट धरलं.

"मम्मी, रडू नको. तू म्हातारी झालीस ना, आणि तुला आजीसारखं दिसेनासं झालं, तर मी येईन तुझ्याबरोबर. तुझं बोट मी धरीन." तिनं माझ्या तोंडाकडे वाकून पाहिलं. "तू आजीचं धरलंस, तसंच धरू ना?"